सौरघटातली घट

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त संस्थेच्या सभागृहात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचे निमंत्रण देताना आपल्या चिटणीसांनी मला एक प्रेमळ अट घातली होती. ते म्हणाले, ‘सर, लोकांच्या छपरापर्यंत पोहोचेल असा विषय घ्या.’ मी आणलेला विषय अजून छपरावर चढलेला नाही, तो प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे. तेव्हा अट अर्धीच पाळली, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

छपरावर जी निळी-काळी पॅनेले आपण पाहता ती सिलिकॉनची. २०२४ साली घरांच्या छपरांसाठी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, तेव्हापासून ओळखीचे लोक मला विचारतात, ‘कोणते पॅनेल घेऊ?’ त्यांना माझे उत्तर एकच असते : आज घ्यायचे तर सिलिकॉनचेच घ्या. मी ज्या सौरघटांबद्दल बोलणार आहे ते अद्याप कोणी छपरासाठी घ्यावेत असे मी म्हणणार नाही. ते का म्हणणार नाही, हेच आजच्या व्याख्यानाचे सार समजा.

या घटांना सेंद्रिय सौरघट म्हणतात. सेंद्रिय म्हटले की आपल्याला शेणखताची भाजी आठवते. तिचा येथे संबंध नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे : रंगद्रव्ये, प्लास्टिके, औषधे ही सगळी त्यात आली. छपाईची निळी शाई आणि निळे प्लास्टिक ज्या रंगाने निळे होते त्याचे नाव कॉपर थॅलोसायनीन. १९८६ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ चिंग टँग यांनी या निळ्या रंगाचा एक पातळ थर आणि दुसऱ्या एका रंगद्रव्याचा त्यावर दुसरा थर देऊन सौरघट बनवला. त्याने प्रकाशाच्या ऊर्जेतील सुमारे १ टक्का वीज म्हणून परत दिली. शंभरातला एक! पण शाईच्या रंगातून एवढी वीज निघते ही गोष्टच मोठी होती.

या मार्गामागे लोक का लागले, तेही सांगतो. सिलिकॉन शुद्ध करून वितळवायला १४०० अंशांहून अधिक तापमान लागते. काचेचे तयार पॅनेल वीस-वीस किलोंचे. जुन्या कौलांवर किंवा पत्र्यावर ते चढवताना गवंडी आधी वासे ठोकून पाहतो. उलट सेंद्रिय द्रव्ये द्रावणात विरघळतात आणि शाईसारखी प्लास्टिकच्या पट्टीवर पसरता येतात. थर तरी किती जाड? सुमारे १०० नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचशेहून अधिक थर मावतील. माल थोडा, वजन नाही, भट्टी नाही. मग हे घट मागे का राहिले? कारण त्यांच्यात ऊर्जा हरवते. कोठे हरवते, याचा शोध घ्यायला शास्त्रज्ञांना तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि तो शोध अजून संपलेला नाही.

आता हिशेबाची वही उघडू. प्रकाश कणाकणाने येतो. त्या कणाची ऊर्जा मोजण्याचे माप म्हणजे इलेक्ट्रॉनव्होल्ट. हे नाव ज्यांना जड वाटेल त्यांनी आजच्यापुरता सरळ रुपया म्हणावा. हिरव्या प्रकाशाचा एक कण २ रुपये ३० पैसे घेऊन येतो, निळ्याचा २ रुपये ७० पैसे, तांबड्याचा १ रुपया ९० पैसे. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्याहून गरीब.

प्रत्येक सौरघटाला एक उंबरठा असतो. सिलिकॉनचा उंबरठा १ रुपया १२ पैशांचा, आजच्या चांगल्या सेंद्रिय घटाचा सुमारे १ रुपया ४० पैशांचा. ज्याच्या खिशात त्याहून कमी, तो कण घटातून आरपार निघून जातो. ज्याच्या खिशात जास्त, त्याचे वरचे पैसे आत शिरताच गळतात. हिरव्या कणाचे २ रुपये ३० पैसे आत आले की ९० पैसे उष्णता होऊन जातात, आणि तेही एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हजाराव्या भागाच्या आत. ही तूट सिलिकॉनलाही चुकत नाही. उंबरठा खाली घेतला तर जास्त कण येतात पण प्रत्येकाकडून कमी मिळते, वर घेतला तर उलट. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ साली या सर्व गोष्टींचा हिशेब मांडून दाखवले की एका उंबरठ्याच्या घटाला, तो कितीही निर्दोष असो, सूर्यप्रकाशाचा सुमारे एक तृतीयांशच भाग वीज म्हणून देता येईल. तेव्हा जाहिरातीत कोणी साध्या पॅनेलची ५० टक्के कार्यक्षमता सांगू लागला तर पालकांनी खुशाल उठून यावे.

यापुढची कथा मात्र सेंद्रिय घटाची स्वतःची आहे.

सिलिकॉनमध्ये प्रकाशकण पडला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो. तो ज्या जागेवरून उठला ती रिकामी जागाही धन विद्युतभारासारखी फिरू लागते. दोघे दोन दिशांना गेले की वीज झाली. सेंद्रिय द्रव्यात असे होत नाही. तेथे उठलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा एकमेकांना धरून बसतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. तिची गाठ सोडवायला ३० पैसे किंवा त्याहून जास्त लागतात, आणि खोलीतल्या उष्णतेतून एका कणाला मिळतात जेमतेम अडीच पैसे. ही गाठ इतकी घट्ट का? विरुद्ध भारांमधले आकर्षण झाकून टाकण्याची शक्ती सिलिकॉनमध्ये मोठी आहे, सेंद्रिय द्रव्यांत तिच्या एक तृतीयांशाच्या आसपासच. गर्दीच्या बाजारात दोन भाऊ सहज वेगळे होतात, मोकळ्या मैदानात एकमेकांना दिसत राहतात, तसे हे आहे.

म्हणून टँग यांनी दोन थर घेतले. एका द्रव्याला इलेक्ट्रॉन देण्याची आवड, दुसऱ्याला घेण्याची. जोडी दोन थरांच्या सीमेवर आली की इलेक्ट्रॉन पलीकडे उडी मारतो आणि गाठ सुटते. पण येथे नवी अडचण उभी राहते. ही जोडी जन्मल्यापासून विरून जाईपर्यंत सुमारे १० नॅनोमीटरच चालू शकते. प्रकाश नीट शोषायला थर हवा १०० नॅनोमीटरचा. म्हणजे सीमेपासून दूर जन्मलेल्या बहुतेक जोड्या वाटेतच संपणार. यावर १९९५ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये निघालेला उपाय आमच्या घरातल्या मंडळींना मी असा समजावला : टँग यांनी बिर्याणी लावली होती, थरावर थर, नंतरच्यांनी खिचडी केली. दोन्ही द्रव्ये एकत्र विरघळवून एकच थर पसरला की ती आत एकमेकांत गुंतून बसतात आणि सीमा जिकडे-तिकडे जवळ येते. ॲलन हीगर यांचा गट या कामात अग्रभागी होता. वीज वाहणाऱ्या प्लास्टिकांच्या शोधासाठी पुढे २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांपैकी ते एक.

खिचडीने काम पुष्कळ पुढे गेले. पण खिचडीत गाठी होतात, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. एका द्रव्याचे बेट दुसऱ्याच्या मध्ये अडकले की त्यातल्या इलेक्ट्रॉनला बाहेर जायला रस्ता राहत नाही. शिवाय या द्रव्यांत विद्युतभार सरकतो अगदी सावकाश, सिलिकॉनच्या मानाने लाखो पटींनी सावकाश. थर जाड केला तर भार दारापर्यंत पोहोचायच्या आत विरुद्ध भाराला भेटतो आणि दोघे संपतात. घट पातळ ठेवावा तर प्रकाश निसटतो, जाड करावा तर वीज निसटते. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांची दोन-दोन वर्षे या एका जाडीपायी गेली आहेत.

आता पैशांकडे परत येऊ. २००० नंतरच्या दहा वर्षांत जगभर वापरला गेलेला जो घट होता, त्यात एक लालसर बहुवारिक आणि दुसरे फुलरिन, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूचे एक संयुग. त्याचा उंबरठा १ रुपया ९० पैशांचा. हातात येणारे व्होल्ट किती? साधारण ६० पैसे! रुपया-सव्वा रुपया मधल्या मध्ये गडप. त्या काळी आम्ही मानत होतो की इलेक्ट्रॉनला उडी मारायला लावण्यासाठी ३० पैशांची पायरी ठेवलीच पाहिजे, ही जोडी सोडवण्याची फीच आहे. मीही वर्गात तसेच शिकवले. २०१६ साली असे घट पुढे आले ज्यांत ही पायरी जवळजवळ नव्हती आणि तरी जोड्या सुटत होत्या, तेही झपाट्याने. माझ्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी येथे असेल तर त्याने वहीतली ती ओळ खोडावी. २०१९ साली चीनमधील यिंगपिंग झोऊ यांच्या गटाने वाय-६ नावाचा रेणू प्रसिद्ध केला. फुलरिनचा चेंडू गेला, त्या जागी पट्टीसारखा वाकडा रेणू आला, आणि कार्यक्षमता एकदम १५ टक्क्यांच्या पुढे गेली. आज प्रयोगशाळेतील सर्वोत्तम लहान घट २० टक्क्यांच्या आसपास आहेत.

वाय-६ च्या घटाचा हिशेब पाहा. उंबरठा १ रुपया ४० पैसे, हाती ८४ पैसे. गेले ५६. त्यातले २७ पैसे निसर्गाचा कर आहे, तो निर्दोष घटालाही द्यावाच लागतो. उरले २९. त्यांपैकी २३ च्या सुमारास एकाच वाटेने जातात, आणि ती वाट सर्वांत गुपचूप आहे. तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो.

एक हौद डोळ्यांपुढे आणा. वरून नळाची धार पडते आहे. हौदाला वरच्या बाजूला एक ठरलेले भोक आहे आणि ते बुजवता येत नाही. जेवढे पाणी येते तेवढे जाऊ लागले की पातळी स्थिर होते. आता त्या हौदाला तळाशी तडे गेले तर? धार तीच, पण पातळी खाली बसेल. सौरघटात धार म्हणजे सूर्यप्रकाश आणि पाण्याची पातळी म्हणजे व्होल्ट. ठरलेले भोक कोणते, ते ऐकून आपल्याला नवल वाटेल : घट स्वतः प्रकाश बाहेर टाकतो! इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा पुन्हा भेटली की प्रकाशाचा कण निर्माण होऊ शकतो. प्रकाश आत घेण्याचे दार ज्याला आहे त्याला बाहेर देण्याचेही दार असतेच. तडे म्हणजे त्या भेटी, ज्यांत प्रकाश निघत नाही आणि ऊर्जा मुकाट्याने उष्णता होते.

म्हणजे सौरघट जितका चांगला, तितका तो चांगला दिवाही असला पाहिजे. २००७ साली जर्मनीतील उवे राऊ यांनी हे नाते नेमक्या समीकरणात मांडले. विद्यार्थ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे : घटाला बाहेरून वीज देऊन त्याला चमकवायचे आणि किती भेटींमागे एक प्रकाशकण बाहेर आला ते मोजायचे. दर दहापटीला ६ पैसे जातात. फुलरिनच्या घटांत लाख, दहा लाख भेटींमागे, कधी त्याहूनही अधिक भेटींमागे एक कण निघे. दहा लाख म्हणजे सहा वेळा दहा, साही साही ३६ पैसे गेले. वाय-६ च्या घटात दहा हजारांमागे एक, म्हणजे चोख २४ पैसे. आमच्या लहानपणचे पाढे उच्च भौतिकशास्त्रात असे उपयोगी पडतात.

हे तडे पडतात कशाने? पहिले कारण रेणूंची थरथर. आज आपण ज्यांच्या शोधाचा दिवस पाळतो त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात दाखवले की प्रकाश रेणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करतो. कार्बन-कार्बन बंधाच्या एका कंपनात सुमारे १८ पैसे मावतात. अशी सात-आठ कंपने एकदम सुरू झाली की १ रुपया ४० पैसे प्रकाश न होता संपले. उंबरठा जितका खाली, तितकी कमी कंपने पुरतात आणि चोरी तितकी सोपी. कार्बनची संयुगे घेतली तर कार्बनची कंपने आलीच, म्हणून हा तडा पुरता बुजणार नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म. इलेक्ट्रॉनला फिरकी असते. मोकळे फिरणारे दोन विरुद्ध भार योगायोगाने भेटतात तेव्हा त्यांच्या फिरकीच्या चार मांडण्या संभवतात. त्यांपैकी एकच प्रकाश देऊ शकते, उरलेल्या तिन्ही मुक्या. या मुक्या अवस्थेला ट्रिप्लेट म्हणतात. २०२१ साली केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वाय-६ च्या गाजलेल्या घटात बाहेरचे मंडल बंद असताना ९० टक्के भेटी याच मुक्या वाटेने संपतात आणि त्यामुळे ६ पैसे जातात. सहा पैसे ऐकायला थोडे वाटतात. पण ८४ पैशांच्या धंद्यात ते थोडे नव्हेत. मुक्या अवस्थेत पडलेल्या जोडीला परत मोकळे होता येईल अशी रेणूंची मांडणी शोधणे, हे आजच्या संशोधकांपुढचे एक मोठे काम आहे.

येथे एक घरगुती हकीकत सांगतो. माझी एक विद्यार्थिनी, आपल्याच समाजातली, सेंद्रिय घटांवर काम करीत होती. तिचे अब्बा मासळीचे व्यापारी. एके दिवशी तिच्या घटाने इतका चांगला आकडा दिला की तिने तेथूनच घरी फोन केला. संध्याकाळी मी विचारले, ‘बेटा, घटावर मास्क लावला होतास का?’ मास्क म्हणजे छिद्र असलेला काळा पातळ पत्रा. तो नसेल तर घटाच्या कडेबाहेरचा प्रकाशही आत झिरपतो, क्षेत्रफळ मात्र आपण लहानच धरतो आणि कार्यक्षमता फुगून दिसते. तिने मास्क लावला. आकडा खाली आला. ती बराच वेळ काही बोलली नाही. पहिला आकडा छापून टाकणारे लोक जगात आहेत, हे तिला माहीत होते आणि मलाही. मग तिने विचारले, ‘सर, आता अब्बांना काय सांगू?’ मी म्हटले, जे आहे ते सांग.

पुढच्या आठवड्यात अब्बा स्वतः प्रयोगशाळेत आले. मला वाटले, मुलीची वर्षे फुकट चालली म्हणून जाब विचारणार. त्यांनी टेबलावरची नखाएवढी काच पाहिली आणि विचारले, ‘सर, आमच्या धंद्यात बंदरापासून बाजारापर्यंत माल पोहोचेतो घट येते. पण ती बर्फात आली, वाहतुकीत आली की काट्यावर आली, ते आम्हाला कळते. तुमच्या या घटात घट कोठे येते ते कळते का?’ मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, हे इतकी वर्षे शिकवूनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

आम्ही त्यांना अंधाऱ्या खोलीत नेले, घटाला वीज दिली. त्याचा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना दिसणारा नव्हे, म्हणून समोर संवेदक ठेवला होता. यंत्रावर आकडा उमटला तो मुलीने वाचून दाखवला आणि पाढा म्हणून पैसे सांगितले. ते म्हणाले, ‘म्हणजे काट्यावरच आहे.’ त्या दिवसापासून तिचे काम बदलले. आकडा वाढवणे सोडून ती तडे मोजू लागली, आणि तिचा प्रबंध त्याच विषयावर झाला.

घट बाजारात यायला आणखी एक गोष्ट आड येते, तिचा उल्लेख करून पुढे जातो. प्राणवायू, ओलावा आणि जंबुपार किरण यांनी ही द्रव्ये झिजतात. सिलिकॉनच्या पॅनेलला कंपन्या पंचवीस वर्षांची हमी देतात, सेंद्रिय घट त्याच्या जवळपासही पोहोचलेले नाहीत. आपल्या कोकणातला पावसाळा तर त्यांची परीक्षाच पाहील. खोलीतल्या दिव्यांच्या उजेडावर चालणाऱ्या लहान उपकरणांसाठी मात्र त्यांचे गुण आजही चांगले दिसतात.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रयोग देतो. बाजारात पारदर्शक टोपीचा तांबडा एल.ई.डी. दोन-चार रुपयांना मिळतो. शाळेतला मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, त्याची दोन टोके एल.ई.डी.च्या दोन पायांना लावा आणि टोपी उन्हाकडे धरा. पेशी नाही, बॅटरी नाही, तरी काटा एक व्होल्टच्या पुढे जाईल. दिवा सौरघट झाला! मग सावलीत येऊन त्याच्यावर जवळून हिरव्या एल.ई.डी.चा उजेड टाका, व्होल्ट दिसतील. आता उलट करा : मीटरला निळा एल.ई.डी. लावा आणि त्यावर तांबडा उजेड टाका. मीटर जवळजवळ शून्यावरच राहील. का राहतो, ते मी सांगणार नाही. रुपये-पैशांचा उंबरठा आठवा आणि उत्तर लिहून आपल्या विज्ञान शिक्षकांकडे द्या. त्यांच्याकडून ते कागद मला पाठवण्याचे चिटणीसांनी कबूल केले आहे.